औषधाचे वजन आणि खोक्याचे माप

बाहेरगावच्या रुग्णांस टपालाने औषधे पाठविण्याची प्रथा आपल्या व्यवसायास नवीन नाही. भारतीय टपाल खात्याने १८७७ साली पार्सल आणि व्ही.पी. या दोन्ही सेवा सुरू केल्या आणि त्यानंतरच्या पिढ्यांतील वैद्यांनी व औषधी कारखानदारांनी त्यांचा भरपूर लाभ घेतला. आमच्या औषधालयात वडिलांच्या काळी आठवड्यातून दोनदा पार्सले बांधली जात. चुर्णाच्या पुड्या, गोळ्यांच्या डब्या, वर मांजरपाटाचे शिवलेले कापड आणि सुतळीच्या गाठीवर लाख. पोस्टात गेल्यावर पार्सल तराजूत पडे, मास्तर वजन सांगत आणि तेवढी तिकिटे लागत. खोका केवढा आहे हे कोणी विचारीत नसे.

आजही आम्ही औषधे पाठवितो; मात्र मागणी पोस्टकार्डाऐवजी दूरध्वनीवर अथवा आंतरजालावर येते आणि पार्सल बहुतांशी कुरियरने जाते. टपाल खात्यानेही काळानुरूप बदल केले. नोंदणीकृत टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झाले. या साऱ्या बदलांत एक बदल मात्र आमच्या ध्यानात फार उशिरा आला, आणि तो ध्यानात येईपर्यंत आम्ही एक रुग्ण जवळजवळ गमावला होता.

मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या या सेवानिवृत्त शिक्षिका. गुडघ्यांच्या संधिवातासाठी त्यांना आम्ही योगराज गुग्गुळ, काढ्याची भरड आणि अभ्यंगास तेल देत होतो. तीन महिन्यांत जिना चढण्याइतका उपशय मिळाला. चौथ्या महिन्यात मागणी आली नाही म्हणून आम्हीच दूरध्वनी केला. संकोचत त्या म्हणाल्या, "वैद्यबुवा, औषधाचा गुण आहे हो. पण औषधाइतकेच पैसे पोचवणावळीला जातात. पेन्शनीत दर महिन्याला ते बसत नाही." आम्ही ते शब्द मुकाट्याने ऐकून घेतले आणि त्या दिवशी प्रथमच कुरियरचे देयक शेवटच्या रकमेपुरते न पाहता ओळीने वाचले.

त्यांचे मागील पार्सल आमच्या काट्यावर सुमारे ८०० ग्रॅम भरले होते. देयकात वजन होते २ किलो.

जागेचे भाडे

प्रथम आम्हांस ही सरळसरळ लबाडी वाटली. ती लबाडी नव्हती. कुरियरच्या दरपत्रकात बारीक अक्षरांत जो नियम छापलेला होता, तो आम्ही वाचलेला नव्हता, एवढेच. नियम असा की, पार्सलाची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि येणाऱ्या घनफळास ५००० ने भागावे. जे उत्तर येईल ते त्या पार्सलाचे 'व्हॉल्युमेट्रिक' वजन. आपण त्यास घनफळी वजन म्हणू. प्रत्यक्ष वजन आणि घनफळी वजन यांपैकी जे अधिक, त्यावर आकारणी होते. आणि तीही अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यांनी, म्हणजे टप्पा एका ग्रॅमने ओलांडला तरी पुढील पूर्ण टप्पा लागतो.

यामागील कारण समजून घेणे इष्ट आहे, म्हणजे राग कमी होतो. मालाची गाडी किंवा विमान दोन प्रकारे भरते, एक वजनाने आणि दुसरे जागेने. लोखंडी खिळ्यांची पोती अर्धी गाडी भरताच तिची वजनाची मर्यादा संपवितात. कापसाच्या गाठींनी गाडी काठोकाठ भरली तरी वजनाची मर्यादा दूरच राहते. केवळ वजनावर आकार घेतला तर कापूसवाल्याचा प्रवास खिळेवाल्याच्या पैशाने होतो. म्हणून विमानवाहतुकीत हा हिशेब पूर्वीपासून रूढ आहे. तेथे ६००० हा भाजक प्रचलित आहे. रस्त्याने जाणाऱ्या लहान पार्सलांना मात्र बराच काळ यातून सूट होती. अमेरिकेतील यूपीएस व फेडेक्स या दोन मोठ्या कंपन्यांनी आपल्या जमिनीवरील सेवेत तीन घनफुटांहून लहान खोक्यांनाही हा नियम लावला तो २०१५ सालच्या आरंभाच्या सुमारास. आंतरजालावरील खरेदी वाढली, मोठ्या खोक्यातून लहान वस्तू जाऊ लागल्या आणि गाड्या हवेने भरू लागल्या, हे त्याचे कारण. आपल्याकडील खासगी कुरियर सेवा आणि अ‍ॅमेझॉनसारख्या बाजारपेठाही आता याच पद्धतीने आकारणी करतात.

आमच्या शिक्षिकाबाईंच्या पार्सलाचा खोका ३० × २० × १५ सेंटिमीटरचा होता. गुणाकार ९०००, त्यास ५००० ने भागता १.८ किलो, टप्पा २ किलोचा. खोक्यात औषध होते अर्ध्याहून कमी जागेत. उरलेली जागा आमच्या कंपाउंडरने वर्तमानपत्राचे बोळे कोंबून भरली होती. एकच मोठा खोका घाऊक दरात स्वस्त पडतो म्हणून आम्ही तो ५०० नगांनी घेतला होता आणि सर्व पार्सले त्याच एका मापातून जात होती. खोक्यामागे वाचलेले तीन-चार रुपये आम्हांस कितीला पडले, ते पुढे येईलच.

गुरु आणि लघु

आता जो मुद्दा मांडावयाचा आहे तो वैद्यास इतरांपेक्षा लवकर उमजावा असे आम्हांस वाटते. ५००० हा भाजक म्हणजे काय? तर ५००० घन सेंटिमीटर, म्हणजे पाच लिटर जागेत निदान एक किलो माल असावा ही कुरियरची अपेक्षा. घनतेच्या भाषेत सांगावयाचे तर एका घन सेंटिमीटरास ०.२ ग्रॅम, पाण्याच्या एक पंचमांश. बांधलेले पार्सल यापेक्षा जड असेल तर देयक वजनाचे येते; यापेक्षा हलके असेल तर देयक जागेचे येते. द्रव्याचा लघु गुण कुरियरच्या दारी गुरु ठरतो!

या एका आकड्याने आपल्या औषधालयातील मांडणीवरून नजर फिरवावी. मध आणि अवलेह पाण्याहून जड. आसवारिष्टे पाण्याहून किंचित जड, तेले व घृते किंचित हलकी. भस्मे आणि रसकल्प तर बोलूच नयेत. ही सारी बांधल्यानंतरही ०.२ च्या बरीच वर राहतात. त्यांचे देयक वजनावरच येणार. चूर्ण बरणीत ठोकून भरले तर पाण्याच्या साधारण निम्म्या घनतेचे असते, तेही सुरक्षित. भरड मात्र त्याहूनही पोकळ. सुट्या भरडीचा एक किलो तीन-साडेतीन लिटर जागा सहज व्यापतो, आणि खोक्याची मोकळी जागा मिळविली की तो सीमारेषेशी येऊन ठेपतो. गोळ्या स्वतः जड असल्या तरी ६० गोळ्यांच्या डबीत निम्मी हवा असते. सुकी पाने, फुले, पंचांगे, पंचकर्मासाठी लागणारा कापूस व पिचू ही सर्व रेषेच्या पलीकडे.

म्हणजे आपल्याच एका कपाटातील औषधांस दोन निरनिराळे नियम लागतात. पहिल्या वर्गात पात्राचे वजन कमी करणे उपयोगाचे आणि खोक्याचा आकार गौण. दुसऱ्या वर्गात आकार हाच सर्व काही आणि वजनाची काटकसर व्यर्थ. आम्ही प्रारंभी हा भेद न करता सर्वत्र एकच उपाय लावला आणि त्याची शिक्षाही भोगली. ती कथा पुढे सांगतो. प्रथम शिक्षिकाबाईंचे पार्सल.

पार्सल पुन्हा बांधले

भरड रोज १० ग्रॅम, म्हणजे महिन्याची ३०० ग्रॅम. ती एका रुंद तोंडाच्या मोठ्या बरणीत जात होती. गोळ्या दोन-दोन दोन वेळा, महिन्याच्या १२०. त्या ३०-३० च्या चार डब्यांत. तेल १०० मिलिलिटर. आम्ही भरडीची बरणी काढून टाकली आणि जाड पाऊच घेतला. तो हवा दाबून बंद करता येतो आणि खोक्यात मिळेल त्या कोपऱ्यात सामावतो. चार डब्यांऐवजी एकच डबी, तीही भरत आलेली. तेलाची बाटली प्लास्टिकची, वेगळ्या पिशवीत सीलबंद. हे सर्व २४ × १४ × १० च्या खोक्यात नीट बसले. घनफळ ३३६०, घनफळी वजन ६७२ ग्रॅम. प्रत्यक्ष वजन सुमारे ६०० ग्रॅम. टप्पा १ किलोचा.

हिशेबासाठी असे धरू की, पहिल्या अर्ध्या किलोस ५० रुपये आणि पुढील प्रत्येक अर्ध्या किलोस ४० रुपये दर आहे. प्रत्येकाचा दर निराळा असेल, वाचकांनी आपले आकडे घालावेत. कुरियर सेवेवर १८ टक्के जीएसटी आहे. (औषधांवरील दर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ वरून ५ टक्क्यांवर आला, पोचवणावळीवरील मात्र तसाच राहिला. नोंदणीकृत विक्रेत्यास त्याची वजावट मिळू शकते, पण येथे पूर्ण रक्कमच धरली आहे.) जुन्या खोक्याचे २ किलो म्हणजे ५० अधिक तीन वेळा ४०, एकूण १७०, करासह २०० रुपये ६० पैसे. नव्या खोक्याचे १ किलो म्हणजे ९०, करासह १०६ रुपये २० पैसे. औषध तेच, मात्रा तीच, गाव तेच.

यापुढचे पाऊल कंपाउंडरनेच सुचविले. दोन महिन्यांचे औषध एकत्र पाठविले तर? खोका २४ × १८ × १२, घनफळी वजन १ किलो ३७ ग्रॅम, प्रत्यक्ष वजन १ किलो १३० ग्रॅमच्या आसपास. टप्पा दीड किलोचा. १३० रुपये, करासह १५३ रुपये ४० पैसे. महिन्यामागे ७६ रुपये ७० पैसे. दोनशेवरून शहात्तरावर. पहिल्या अर्ध्या किलोचा दर सर्वांत चढा असतो, तो दोनदा भरण्याऐवजी एकदाच भरला गेला, हे त्यातील इंगित.

शिक्षिकाबाईंचे औषध पुढे सुरू राहिले. अर्थात दोन महिन्यांचे औषध एकदम देणे प्रत्येक रुग्णास योग्य नव्हे. अवस्था पालटत असता, अथवा रसकल्प चालू असता, केवळ पोचवणावळ वाचावी म्हणून पुनर्तपासणीचे अंतर वाढविणे आम्हांस मान्य नाही. जीर्ण व्याधीत, योजना स्थिर झाल्यावरच हा मार्ग घ्यावा.

आतले माप, बाहेरचे माप

नवे खोके आले आणि आम्ही निश्चिंत झालो, तेथेच फसलो. चुर्णाच्या पार्सलांसाठी आम्ही १८ × १२ × १० चा खोका ठरविला होता. घनफळ २१६०, घनफळी वजन ४३२ ग्रॅम. प्रत्यक्ष वजनही ४४० च्या आत. पहिल्या टप्प्यात अगदी बिनधोक. तरीही दीड महिना प्रत्येक पार्सलास १ किलोचा आकार लागत होता आणि तो आमच्या आगाऊ भरलेल्या रकमेतून परस्पर वळता होत होता. दीड महिना आमच्या लक्षात आले नाही, हे कबूल करणे भाग आहे.

मोजपट्टी घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. खोकेवाला जे माप सांगतो ते खोक्याच्या आतले असते, कारण गिऱ्हाईकाची वस्तू आत बसावयाची असते. कुरियरचे यंत्र मोजते ते बाहेरून. पुठ्ठ्याची जाडी दोन्ही बाजूंस. झाकणाकडे व तळाशी तर पुठ्ठ्याच्या दुहेरी घड्या. आमचा खोका बाहेरून १९ × १३ × ११.५ भरला. घनफळ २८४०, घनफळी वजन ५६८ ग्रॅम. एकेका सेंटिमीटराने टप्पा ओलांडला होता आणि पार्सलामागे करासह ४७ रुपये २० पैसे जात होते. शिवाय पाऊच गच्च भरल्याने काही खोक्यांची पोटे फुगलेली. यंत्र सर्वांत फुगीर जागेचेच माप घेते.

सेंटिमीटराचे हे सामर्थ्य लहान खोक्यात विशेष जाणवते. १८ × १२ × १० च्या प्रत्येक बाजूस दोन सेंटिमीटर वाढवा. २० × १४ × १२ होतो. डोळ्यांस फरक दिसतही नाही. घनफळ मात्र २१६० वरून ३३६० होते, दीडपटीहून अधिक.

आता आम्ही खोके मागविताना बाहेरचे माप लिहून देतो आणि नमुना आल्यावर तो टेप लावून, भरून, मग मोजतो. दर आठवड्यास देयकातील वजने आमच्या नोंदवहीशी ताडली जातात. तफावत आढळल्यास हरकत घेण्यास मोजकेच दिवस मिळतात आणि पुरावा मागितला जातो. म्हणून पार्सल काट्यावर असताना व मोजपट्टी लावलेली असताना अशी दोन छायाचित्रे भ्रमणध्वनीवर काढून ठेवतो. काम अर्ध्या मिनिटाचे आहे. कुरियरचीच चूक असल्याचे दोन-तीन प्रसंग आले तेव्हा या छायाचित्रांमुळे रक्कम परत मिळाली.

आणखी एक गोष्ट याच संदर्भात. सर्वत्र भाजक ५००० च असतो असे नाही. काही सेवांत तो ४०००, काहींत ६००० असा असू शकतो. वरील २८४० घन सेंटिमीटरचाच खोका ४००० ने भागला तर ७१० ग्रॅमचा होतो आणि ६००० ने भागला तर ४७३ ग्रॅमचा, म्हणजे पहिल्या टप्प्यात. एखाद्या कंपनीचा प्रतिनिधी पाच रुपये कमी दर घेऊन आला तर प्रथम भाजक विचारावा, मग चहा विचारावा.

फुटलेली बाटली

वर ज्या शिक्षेचा उल्लेख केला ती आता सांगतो. खोके आटोपशीर करण्याचा आमचा उत्साह इतका वाढला की तोच नियम आम्ही अरिष्टांस लावला. दशमूलारिष्टाच्या ४५० मिलिलिटरच्या तीन काचेच्या बाटल्या, २० मिलिलिटर दोन वेळा या मात्रेने महिनाभरास पुरतात. त्या आम्ही अंगाला अंग लावून, मध्ये एकेक पुठ्ठ्याचा तुकडा घालून, घट्ट खोक्यात बसविल्या. ऐन पावसाळ्यात एक पार्सल वाटेत आपटले. एक बाटली फुटली, अरिष्ट खोक्यातून झिरपून शेजारच्या दोघा-तिघांच्या पार्सलांवर सांडले, पुठ्ठा भिजून उरलेल्या दोन बाटल्याही बाहेर आल्या. भरपाई मिळाली नाही. 'बांधणी अपुरी' असा शेरा मिळाला, आणि तो न्याय्य होता. रुग्णास आठ दिवस औषधाविना काढावे लागले.

दुःख याचे की ती काटकसर मुळात निरर्थक होती. काचेच्या तीन भरल्या बाटल्या व खोका मिळून वजन सुमारे २ किलो ७०० ग्रॅम; टप्पा ३ किलोचा. ३ किलोत १५,००० घन सेंटिमीटर जागा फुकट मिळते! तीन बाटल्या ओळीत ठेवल्या तर त्यांना ३,६०० घन सेंटिमीटरही लागत नाहीत. आज आम्ही त्याच बाटल्या ३० × १५ × २८ च्या खोक्यात, खणांमध्ये, चहूबाजूंनी तीन-तीन सेंटिमीटरहून अधिक मऊ आवरण देऊन पाठवितो. घनफळी वजन २ किलो ५२० ग्रॅम, म्हणजे प्रत्यक्ष वजनाहून कमीच. पोचवणावळ एका पैशाने वाढली नाही. जड औषधास आवरण फुकट पडते, हे ज्ञान आम्हांस तीन बाटल्या आणि एका रुग्णाचा आठवडा खर्च करून मिळाले.

पैसे वाचवावयाचे असतील तर ते येथे काचेत आहेत. त्याच तीन बाटल्या पेट प्लास्टिकच्या असल्या तर एकूण वजन दोन किलोच्या आत आणता येते, म्हणजे दोन टप्पे कमी. दीर्घकाळ ठेवावयाच्या आसवारिष्टांसाठी काचच असावी असे मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि आमचाही कल तिकडेच आहे. परंतु महिन्याभरात संपणाऱ्या औषधाबाबत निर्णय ज्याने-त्याने आपल्या विवेकाने घ्यावा. द्रवौषधे विमानमार्गे घेण्यास अनेक सेवा तयार नसतात, हेही रुग्णास आधी सांगून ठेवावे. पोहोचण्यास दोन-चार दिवस अधिक लागतात.

मात्रा आणि टप्पा

चुर्णाचा विचार मात्र आनंददायक निघाला. ३ ग्रॅम दोन वेळा या मात्रेने ६० दिवसांचे चूर्ण होते ३६० ग्रॅम. पाऊच व आवरण यांचे ८०-९० ग्रॅम धरले तरी पार्सल अर्ध्या किलोच्या आत बसते. चूर्ण दोन महिन्यांनी हीनवीर्य होऊ लागते हे शार्ङ्गधराचार्यांचे मत सर्वांस विदित आहेच. लेबलावरील कायदेशीर मुदत निराळी. तथापि शास्त्राने सांगितलेला काळ आणि कुरियरचा टप्पा येथे एकाच जागी येऊन मिळतात, ही मौज आहे. उलट, बाजारातील रूढ अशा ५०० ग्रॅमच्या बरणीत औषधच टप्पा संपविते आणि बरणी व खोका मिळून आपण १ किलोचे पैसे भरतो.

अर्ध्या किलोच्या आत एकदा आलो की आणखी कसून उपयोग नाही, हेही सांगावयास हवे. १० ग्रॅम भस्माची कुपी असो वा ४०० ग्रॅम चूर्ण, पहिला टप्पा तोच. तेथे आवरणात हात आखडता घेऊ नये.

एक किलोचा च्यवनप्राश हा असाच सापळा आहे. बरणी व खोक्यासह वजन सव्वा किलोच्या घरात जाते, आकार दीड किलोचा. दोन बरण्या एकत्र गेल्या तर सुमारे २ किलो ३०० ग्रॅम, आकार अडीच किलोचा. वेगवेगळ्या गेल्या असत्या तर तीन किलोंचा, आणि पहिल्या टप्प्याचा चढा दर दोनदा. म्हणून थंडीच्या आरंभी आम्ही एका गावातील रुग्णांच्या मागण्या शक्य तेथे एकाच पत्त्यावर गोळा करतो. बरणीच्या आकाराचाही विचार करावा. गोल बरणी चौकोनी खोक्यात ठेवली की कोपऱ्यांत शेकडा २१ इतकी जागा रिकामी राहतेच, हे भूमितीचे बंधन आहे. च्यवनप्राश जड असल्याने त्यास याचे काही नाही. पण गोळ्यांच्या व भरडीच्या गोल डब्या याच कारणाने महाग पडतात.

गोळ्यांच्या डब्यांविषयी थोडे स्पष्ट बोलावे लागेल. ६० गोळ्या ज्या डबीत घातल्या जातात तीत बहुधा ११०-१२० मावतात. दुकानाच्या फळीवर डबी भरघोस दिसावी म्हणून हे केले जाते, हे आपण सर्वच जाणतो. फळीवर ती हवा फुकट असते. पार्सलात तिचे भाडे पडते. लहान डबी घेताना १९४५ च्या औषध नियमावलीतील नियम १६१ प्रमाणे घटकद्रव्ये, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक इत्यादी सर्व मजकूर लेबलावर वाचता येईल इतपत आला पाहिजे, याचे भान ठेवावे. तसेच जे औषधविक्रेते इतर कारखान्यांचा माल विकतात त्यांनी सीलबंद बरणी फोडून माल पाऊचमध्ये भरण्याचा मोह धरू नये. सील, बॅच आणि विश्वास तिन्ही एकदम तुटतात. त्यांनी कारखानदाराकडेच आटोपशीर वेष्टनाची मागणी करावी.

घरपोच पैसे घेण्याच्या व्यवहारात पार्सल नाकारले गेले तर परतीचा आकारही याच घनफळी वजनावर लागतो. मोठ्या खोक्याचा दंड तेथे दुप्पट होतो. आम्ही नव्या गिऱ्हाइकास पार्सल रवाना होण्यापूर्वी दूरध्वनी करून खात्री करून घेतो. वडिलांच्या काळी व्ही.पी. परत येई तेव्हाही पोस्टकार्ड टाकून हेच केले जात असे. आणि जेथे खासगी कुरियर पोहोचत नाही अशा वाड्या-वस्त्यांसाठी टपाल कार्यालयाची खिडकी आजही आहे. देशभरात सुमारे १ लाख ६४ हजार टपाल कार्यालये आहेत. आडगावच्या रुग्णांसाठी आम्ही दोन्हीकडचे दर मांडून पाहतो, आणि टपाल पुष्कळदा सरस ठरते.

सध्या आमच्याकडे एका मोठ्या खोक्याऐवजी चार मापांचे खोके आणि दोन मापांच्या कुरियर पिशव्या असतात. भिंतीवर, बांधणीच्या टेबलासमोर, प्रत्येकाचे बाहेरचे माप आणि घनफळी वजन खडूने लिहिलेले आहे. जुने खोके अद्याप दीडशेच्या वर शिल्लक आहेत. त्यांत आता कागदपत्रे ठेवतो.

एक कोडे मात्र सुटलेले नाही. गुलाबकळी, सोनामुखीची पाने, ब्राह्मीचे सुके पंचांग यांची मागणी बाहेरगावच्या वैद्यांकडून नित्य येते. अर्धा किलो माल चार-पाच लिटर जागा घेतो आणि एक किलोचा आकार पाडतो. दाबून भरला तर कळ्यांचा चुरा होतो आणि वैद्य परत पाठवितो. चूर्ण करून पाठवावे तर वीर्य टिकत नाही आणि ओळखही पटत नाही. पाऊचमधील हवा काढून पाहिली, पानांस ती मानवली, कळ्यांस नाही. या बाबतीत कोणा वैद्यबंधूस अथवा औषधालयाच्या चालकास काही युक्ती साधली असल्यास त्यांनी या त्रैमासिकाच्या संपादकांकडे अवश्य लिहून कळवावी.